विरडा नकाशावर कसा दाखवायचा? वनहक्काच्या एका फायलीचे तेरा महिने

वासी उत्तरायणच्या दिवशी, म्हणजे १५ जानेवारी २०२४ ला, मी गच्चीत भाच्याची फिरकी धरून उभी होते तेव्हा भुजहून मैत्रिणीचा फोन आला. कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो, आता ती तिकडे कच्छात मालधाऱ्यांबरोबर, म्हणजे गुरं पाळणाऱ्या लोकांबरोबर, काम करते. म्हणाली, एका गावाचा सामूहिक वनहक्काचा दावा परत आलाय, नकाशात त्यांचे विरडे, म्हणजे गोड्या पाण्यासाठी खणलेले खड्डे, दाखवण्यात घोळ आहे, तू नकाशेच काढतेस ना, बघतेस का जरा? मी बडोद्यात घरूनच हे काम करते, बिल्डरांचे लेआउट, कॅनॉलच्या सर्व्हेचं डिजिटायझिंग, असलं. म्हटलं पाठव, आठ दिवसांत करून देते. दाव्याची पोच हातात पडली ती ११ फेब्रुवारी २०२५ ला.

मी तेव्हा नेटवर शोधलं तर कायद्याची कलमं ढीगभर सापडली, पण स्वतः हे करून बसलेल्या कुणी कुठे काय अडतं ते लिहिलेलं काही हाती लागलं नाही, म्हणून लिहितेय. गावाचं नाव टाकत नाही कारण प्रकरण अजून कमिटीपुढे आहे.

आधी थोडं ठिकाणाबद्दल. भुजच्या उत्तरेला, मोठ्या रणाच्या अलीकडे, बन्नी आहे. साधारण अडीच हजार चौरस किलोमीटर सपाट गवताळ जमीन. तिथले लोक सांगतात बन्नी म्हणजे ‘बनलेली’, नद्यांनी आणलेल्या गाळाची. १९५५ मध्ये ती संरक्षित वन म्हणून जाहीर झाली, म्हणजे कागदावर जंगल आणि प्रत्यक्षात गवत, म्हशी आणि माणसं. बन्नी म्हैस माहीत असेल, २०१० मध्ये तिला स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली, रात्री गुराख्याशिवाय चरायला जाते आणि सकाळी आपली आपण घरी येते. तर आता या लोकांना चराईचा आणि पाण्याचा हक्क कागदावर हवाय, आणि २००६ च्या वनहक्क कायद्यात तो आहे, अगदी ‘भटक्या आणि पशुपालक समाजांना हंगामी वापराचा हक्क’ अशा शब्दांत आहे. नियमांमध्ये पुराव्यांच्या यादीत ‘माणसांसाठी आणि गुरांसाठी पाण्याचे स्रोत’ हेही लिहिलेलं आहे. म्हणजे पाण्याची जागा दाखवली की तो पुरावा.

मैत्रिणीने फाइल स्कॅन करून पाठवली. परत पाठवताना शेरा मारला होता, गुजरातीत, की स्थळतपासणीत नकाशात दाखवलेले अकरा जलस्रोत आढळून आले नाहीत. मी नकाशा उघडला. अकरा ठिपके होते, कुणीतरी मोबाईलवरून घेतलेले, एक तर चक्क रस्त्यावर पडलेला. मला वाटलं झालं, रीडिंग चुकलीयत, नीट जीपीएस घेऊन जाऊ आणि अकरा ठिपके बरोबर जागी बसवू. इथेच माझी पहिली आणि मोठी चूक झाली पण ती कळायला ऑक्टोबर उजाडला.

फेब्रुवारीत गेले. सयाजीनगरी एक्सप्रेसने रात्री बडोद्याहून बसलं की सकाळी भुज, स्लीपरचं तिकीट तीनशेच्या आसपास. (महाराजांच्या नावाची गाडी थेट कच्छात नेते याचं मला उगाच बरं वाटतं.) आईने थेपले न देता दशम्या दिल्या, त्या तीन दिवस टिकल्या. पुढे जीपने. हा सीमेलगतचा भाग आहे तेव्हा ओळखपत्र आणि त्याच्या दोनतीन झेरॉक्स पर्समध्ये ठेवाच, भिरंडियाराला परमिटसाठी आणि नंतरही कुणी ना कुणी मागतंच. संस्थेचं किंवा ग्रामसभेचं पत्र असेल तर तेही, कारण हातात जीपीएस घेऊन रणाच्या कडेने फिरणारी बाई बघून लोक प्रश्न विचारणारच, आणि बरोबरच आहे त्यांचं.

गावात ज्यांनी मला सगळं दाखवलं त्यांना मी चाचा म्हणायचे, सगळेच म्हणायचे. सत्तरीच्या पुढे, हातात काठी, मला ‘बेन’ म्हणायचे. आपापसात ते कच्छी बोलत पण माझ्याशी गुजराती. म्हणाले चला, झील दाखवतो. झील म्हटल्यावर मला वाटलं तळं असेल. समोर आलं ते भेगाळलेलं मैदान, जरा खोलगट, मध्ये लाण्याची खुरटी झुडपं आणि कडेने गांडो बावळ. (हे त्या झाडाचं गुजराती नाव, गांडो म्हणजे वेडा. पुण्याच्या चुलतभावाला सांगितलं तर तो पाच मिनिटं हसत होता.) चाचा काठी टेकत चालत जायचे, थांबायचे, काठीने माती दाबायचे आणि म्हणायचे, ‘अहीं.’ मी तिथे गार्मिनचं जीपीएस धरून रीडिंग स्थिर व्हायची वाट बघायची. तीन मीटरपर्यंत अचूक, आणि पायाखाली काहीच नाही. दोन जागी मातीतून काळपट लाकडाची टोकं वर आलेली दिसली, बाकी नऊ ठिकाणी चाचा म्हणतात म्हणून आहे. फोटो काढले. मातीचे अकरा फोटो. संध्याकाळी त्यांच्या नातीने माझ्या कॅमेऱ्यात बघितलं आणि विचारलं, यात काय आहे? मला उत्तर सुचलं नाही.

तरी मी बडोद्याला येऊन नकाशा केला, अकरा ठिपके, सुंदर निळे.

७ मार्चला ग्रामसभा ठेवली होती, नवीन नकाशा मंजूर करायला. मी मुद्दाम पुन्हा गेले. २०१२ च्या सुधारित नियमांप्रमाणे निम्मे सभासद हजर लागतात, आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बायका. त्या दिवशी शाळेच्या खोलीत मोजून तीसेक माणसं आली. कारण त्या वर्षी गवत लवकर संपलं होतं आणि बरीच कुटुंबं म्हशी घेऊन बाहेर गेली होती. आता मजा अशी की नियमातच लिहिलंय, पशुपालकांच्या दाव्याची पडताळणी ते लोक हजर असतील तेव्हाच करायची. म्हणजे नियम लिहिणाऱ्याला हे माहीत होतं, फक्त आम्हाला माहीत नव्हतं. लोक घरी कधी असतात हे आधी विचारा आणि मग तारीख धरा, उलटं करू नका, माझे आठशे-नऊशे रुपये आणि तीन दिवस यात गेले.

मग १२ मार्चला रोजे सुरू झाले, १६ तारखेला लोकसभेची आचारसंहिता लागली आणि एका ऑफिसात ज्या साहेबांकडे वनविभागाचा जुना नकाशा मागितला होता त्यांच्या टेबलावर इलेक्शनच्या पेट्यांच्या याद्या येऊन बसल्या. ७ मेला आमच्याकडे मतदान झालं, आचारसंहिता ६ जूनपर्यंत. त्या काळात मी तीन वेळा फोन केला, तिन्ही वेळा ‘अठवाडिया पछी’, आठवड्यानंतर. शेवटी मैत्रिणीने नियमाचा आकडा घालून लेखी अर्ज दिला की उपविभागीय समितीने वन आणि महसूल नकाशे व मतदार यादी ग्रामसभेला पुरवायची आहेत, ती मेहेरबानी नाही. अर्जावर आवक नंबर घेतला आणि पंधरा दिवसांत नकाशा मिळाला. तोंडी मागू नका. आवक नंबर नसेल तर तुम्ही तिथे गेलाच नव्हतात असं समजा.

पाऊस यायची वाट बघायची असं ठरलं. आला तो असा आला की विचारू नका. गोकुळाष्टमीच्या दिवशी, २६ ऑगस्टला, बडोद्यात पाऊस कोसळला आणि मग विश्वामित्री शहरात शिरली. आम्ही समा भागात तळमजल्याला राहतो. रात्री दोनला पाणी घरात, गादी पलंगावर, पलंगावर आई, आणि मी कमरेएवढ्या पाण्यात लॅपटॉप डोक्यावर धरून शेजाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर. लॅपटॉप वाचला. खालच्या ड्रॉवरमधली फील्डची वही, ज्येष्ठांच्या जबाबांची कच्ची टिपणं आणि प्रिंट केलेले चारही नकाशे यांचा लगदा झाला. वहीचं पान न् पान त्याच दिवशी मोबाईलवर फोटो काढून कुठेतरी चढवून ठेवायचं हे मी तेव्हा शिकले. तीन दिवस वीज नव्हती. त्यातच महिनाअखेरीला तेच वादळी हवामान कच्छवर गेलं आणि तिथेही धो धो पाऊस झाला. सप्टेंबरात गणपती बसल्यावर चाचांचा फोन आला. माझ्या घरात पाणी शिरल्याचं ऐकून हळहळले, आणि मग आवाज खाली आणून, जरा संकोचत म्हणाले की बेन, आमची झील भरलीय.

ऑक्टोबरच्या मध्यावर पोचले तेव्हा झील आटत आली होती आणि विरडे खणायचं चाललं होतं. आपल्याकडे नदीच्या वाळूत झिरा करतात त्याचा हा मोठा भाऊ म्हणा, पण यात अक्कल जास्त आहे. पाणी शेवटपर्यंत कुठे साचून होतं ते चाचांनी चालून बघितलं, तिथे मुलांनी पुरुषभर खोल चौकोनी खड्डा घेतला. मग बावळाची लाकडं आडवी-उभी एकावर एक रचत चारी बाजूंनी चौकट वर आणली आणि लाकडं व माती यांच्या मधल्या फटीत गवत ठासून भरलं, म्हणजे माती आत येत नाही, पाणी मात्र गाळून येतं. संध्याकाळपर्यंत तळाशी गढूळ ओल. सकाळी जाऊन बघते तर हातभर नितळ पाणी. चाचांच्या सुनेने ओंजळभर घेऊन जिभेवर फिरवलं, थुंकलं, आणि ‘मीठो’ म्हणाली, म्हणजे गोड. मी शहाणपणाने टीडीएस मीटर काढला, पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा. वरचं पाणी हजाराच्या आत. मग दोरीला बाटली बांधून तळाचं काढलं, ते चार हजारांच्या पलीकडे गेलं. पिण्याच्या पाण्याला आपल्या मानकात दोन हजारांपर्यंत चालवून घेतात.

त्याचं कारण असं की खाली सगळं खारं पाणी आहे, रणच ते. पावसाचं गोडं पाणी हलकं म्हणून त्याच्यावर तरंगत राहतं, दुधावर साय बसावी तसं, आणि विरड्याने ती साय तेवढी काढायची. घाईने उपसलं की खालचं खारं वर येतं. म्हणून पंप लावत नाहीत, डोलने काढतात, पिण्याचा विरडा वेगळा, गुरांचा वेगळा, त्याच्या शेजारी मातीचा अवाडा, म्हणजे गुरांना पाणी प्यायचा हौद. पाणी खारट लागायला लागलं की तो विरडा बुजवायचा आणि त्याच झीलमध्ये दुसरीकडे नवीन घ्यायचा. कधी वीस दिवस चालतो, कधी तीनचार महिने.

‘बुजवायचा’ हे ऐकल्यावर माझ्या हातातला पेन थांबला. मी विचारलं, मग मागच्या फायलीतले अकरा? चाचा म्हणाले ते तर त्या साली होते. आणि फेब्रुवारीत मला दाखवलेले? ते दुसऱ्या सालचे. मग नकाशात तुमचं नक्की काय दाखवायचं? चाचांनी माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं बघितलं. ‘विरडो तो फरे, बेन. झील क्यां जवानी?’ विरडा जागा बदलतो, झील कुठे जाणार?

म्हणजे तपासणीला आलेला माणूस खोटं बोलत नव्हता, गावही खोटं बोलत नव्हतं. आम्ही नकाशेवाले लोक जे हलतं त्याला ठिपका लावत बसलो होतो. हक्क खड्ड्यावर नाहीच, त्या झीलमध्ये दरवर्षी खणण्यावर आहे.

मग सगळं पुन्हा. अकरा ठिपके पुसले. गावातली चार माणसं आणि मी, दोन दिवस, झीलच्या कडेने पायी चाललो, जिथे यंदाच्या पाण्याची पांढरी खूण राहिली होती तिथून. एकूण चार झील. त्यांच्या कडेला जींजवो गवत जिथवर येतं तिथवर चराई, आणि जिथे गांडो बावळ घुसलाय तो पट्टा वेगळ्या रंगात. हा बावळ वनखात्याने १९६०च्या दशकात रणाचा खारेपणा पुढे सरकू नये म्हणून लावला होता, आता तोच गवत खाऊन बसलाय. उत्तरेला वाहणाऱ्या नद्यांवर बंधारे झाले, जमिनीतलं मीठ धुऊन नेणारं पाणी कमी झालं, तेव्हा त्याला रान मोकळंच मिळालं. वरून तोडला तर दुप्पट फुटतो, मुळासकट काढावा लागतो, आणि तसा काढायचा तर जमिनीच्या व्यवस्थापनाचा हक्क हातात हवा. म्हणून सामूहिक हक्कांच्या ‘ख’ नमुन्याबरोबर व्यवस्थापनाचा ‘ग’ नमुनाही भरला. फॉर्म फुकट असतात, कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

उत्तरेकडची झील दोन गावं मिळून वापरतात. मला सवयीप्रमाणे मध्ये रेघ हवी होती. दोन्ही गावांच्या वनहक्क समित्या एकत्र बसल्या, तशी सोय नियमात आहे, आणि चार तास बसल्या. रेघ कुणालाच नको होती. एक गृहस्थ म्हणाले, म्हैस रात्री चरते, तिला रेघ दिसणार कशी? शेवटी ती झील दोन्ही नकाशांत तिरप्या रेघांनी भरून ‘सामाईक’ म्हणून दाखवली आणि दोन्ही ठरावांत तेच वाक्य शब्दशः लिहिलं. चार तासांत तीन ओळी. पण त्या ओळींवर नंतर एकही प्रश्न आला नाही.

ज्येष्ठांचे जबाब नव्याने घेतले. आदिवासी नसलेल्यांना १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या, कायद्याच्या हिशेबात ७५ वर्षं, तिथे राहत असल्याचं दाखवावं लागतं. दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब चालतो, जुनं कब्रस्तान चालतं, जुन्या विहिरी चालतात. जबाबात मी एक परिच्छेद आग्रहाने घालायला लावला, विरडा कसा खणतात, का बुजवतात, म्हणून तो दरवर्षी त्याच जागी का सापडत नाही. आणि ऑक्टोबरचे फोटो, तारखेसह. सॅटेलाइटची चित्रंही मी जोडली, पण त्यांच्यावर विसंबू नका. नियमच सांगतो की ती इतर पुराव्यांना पूरक आहेत, त्यांची जागा घेऊ शकत नाहीत. माझ्यासारखीला हे वाचून जरा लागलं.

दिवाळीनंतर पडताळणी. दोन तारखा रद्द, तिसऱ्या दिवशी वनविभागाचे आणि महसूलचे असे दोघे आले. त्यांनी सही, हुद्दा, तारीख आणि शेरा तिथल्या तिथे लिहायचा असतो, तेव्हा कोरा कागद आणि पेन तुमच्याकडे तयार ठेवा. वनविभागाचे भाऊ तरुण होते, विरडा आधी पाहिलेला नव्हता. त्यांनी पाणी पिऊन बघितलं, मोबाईलवर स्वतःसाठी फोटो काढला आणि मग सही केली.

२९ नोव्हेंबरला, शुक्रवारी, जुम्म्याच्या नमाजनंतर ग्रामसभा झाली. कोरम भरला. बायका शेजारच्या खोलीत बसल्या होत्या, मी त्यांच्यात. ठराव वाचताना ‘पिण्याचा आणि गुरांचा विरडा’ एकत्र म्हटल्यावर आतून दोघीतिघी एकदम ओरडल्या की वेगळं लिहा. वेगळं लिहिलं. आता नर्मदेचं पाणी नळाने येतं गावात, पण येतं तेव्हा येतं, आणि म्हशींना पुरत नाही, हेही त्यांनीच सांगितलं.

पुढचे अडीच महिने फायलीचे. पानांना नंबर, प्रत्येक पानावर समितीची सही, मोठ्या नकाशाच्या रंगीत प्रिंटा, तीन सेट. एकदा तलाठीसाहेब रजेवर, एकदा शिक्का घरी राहिला, एकदा प्रांत ऑफिसात कारकून म्हणाले मूळ प्रत ठेवून जा, पोच नंतर. मूळ प्रत द्यायची, पण पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही. आम्ही अकरापासून साडेचारपर्यंत बाकावर बसलो होतो, चाचा शांतपणे तसबीह, म्हणजे जपमाळ, ओढत. माझा स्वतःचा एकूण खर्च सव्वाअकरा हजार झाला, पाच फेऱ्या धरून, त्यात सगळ्यात जास्त प्रिंटा आणि जीपचे. गावाने जेवणखाण कधीच मोजू दिलं नाही. निर्णय अजून यायचाय, विरुद्ध गेला तर साठ दिवसांत वर दाद मागता येते, तेवढं कॅलेंडरवर लिहून ठेवलंय.

मार्चमध्ये चाचांचा फोन आला. आवाजात काळजी. म्हणाले, फायलीत फोटो लावलेला विरडा खारा झाला, काल बुजवला, पन्नास पावलांवर नवीन घेतलाय. नकाशा परत बदलावा लागेल का, बेन?

म्हटलं नाही चाचा, नाही लागणार. पाणी कसंय?

‘मीठो,’ म्हणाले.